वाढू न दिलेली झाडं

११ जानेवारी

हात मोडला असता तर बरं झालं असतं! गोल मोरपंखीच्या कुशीत भोक पडलंय — मूठ आत जाईल एवढं. आत नुसत्या तपकिरी काड्या.

चूक माझीच. दादा कामासाठी परगावी गेला त्या दिवशी मी अंगणातल्या त्याच्या सगळ्या झाडांची सुतळीने मापं घेऊन ठेवली होती. बुटक्या जातीची असली तरी बोटभर वाढतातच. वाटलं, परत येईल तेव्हा त्याला बाग जशीच्या तशी दिसावी. म्हणून वाढेल तेवढं कापत आलो. आज मोरपंखी सुतळीत बसेना. कात्री जरा आत घातली. जरा!

१२ जानेवारी

रोपवाटिकेतल्या काकांना फांदी दाखवली. "न्हाव्याकडे शिकलास काय रे? केस आहेत का ते, पुन्हा यायला? हिरव्यात कापावं, लाकडात शिरू नये. हिच्या जुन्या लाकडाला फुटवा येत नाही."

कधीच?

"कधीच. शेजारच्या फांद्या वळवून झाकता आलं तर बघ." वर म्हणाले, "वीतभर बाग, आणि तोंड असं की रान जळालंय!"

थंडी सरली की येतो, असं दादा म्हणाला होता. तोवर झाकलं जाईल?

१५ जानेवारी

वहिनी म्हणाली, "भावजी, उपटून टाका सगळंच. तेवढ्या जागेत कपडे तरी वाळतील."

पाहुण्यांना हात धरून बाग दाखवणारी हीच! माझा तोल गेला. म्हटलं, दादा आला की त्याला विचारा. ती शिवणाच्या मशीनवर होती. दोरा दातात धरून तशीच बसली. तोडला नाही.

दादाला फोन केला. उचलला नाही.

२० जानेवारी

फांद्या वळवून बांधल्या. सुतळीने साल कापते म्हणून कापड हवं होतं. वहिनीने मऊ चिंध्या आणून दिल्या, मी मागितल्या नसताना. वर म्हणाली, "घ्या, पेशंटला पट्टी बांधा."

लांबून बरं दिसतं. जवळून लबाडी कळते. आणि दादा जवळूनच बघतो — उकिडवा बसून, पार नाक लावून.

२३ जानेवारी

काही नाही. दादाच्या जुनिपरच्या झुडपाखालचा पाला झाडला.

२७ जानेवारी

गारठा ओसरला. मोरपंखी काढून, भोकाची बाजू भिंतीकडे वळवून लावावी का? पण मुळं दुखावली तर सगळंच जाईल. नको.

वहिनीला म्हटलं, तुमच्या खोलीला रंग काढू या, येईलच आता. तिने विचारलं, "कोण?" म्हटलं, थट्टा पुरे. ती हसली नाही.

२ फेब्रुवारी

वहिनीने आज मशीनवर झाकण घातलं आणि समोर येऊन बसली. "ते येणार नाहीत, भावजी. तिकडे त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलंय. मला पावसाळ्यापासून माहीत आहे. तुम्ही त्या झाडांपाशी बसलेले दिसायचात, आणि माझी जीभ रेटायची नाही."

मी मापाची सुतळी बोटाला गुंडाळत राहिलो.

मग तिने विचारलं, "घर तुम्हा दोघा भावांचं. मी इथे राहिले तर चालेल ना?"