चाळलेला सोडा आणि महाराणीचा रुसवा

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग दंडवत. (नुसता लिहायचा म्हणून लिहीत नाही, पत्र वाचून तुम्हीच म्हणाल, आडवाच राहा, उठू नकोस.) ताई मजेत असेल, तुमचं पित्त आटोक्यात असेल, असं धरून चालतो. नसेल तर हे पत्र जेवणानंतर वाचा. इकडे सगळे ठीक. आई गेल्यापासून आबांनी खोली धरली ती धरलीच होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. बदली संपेपर्यंत म्हणून तुम्ही माझ्या गळ्यात बांधलेली प्रवाळांची टाकी जागेवर आहे, आणि नखाएवढ्या तुकड्यापासून तुम्ही वाढवलेलं तुमचं लाडकं प्रवाळ, म्हणजे आपली महाराणी, तीही जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बसून वाचाल.

तुम्ही फोनवर बजावलं होतं, की महाराणीला अंग धरायला कॅल्शियम लागतं आणि पाण्याचा क्षार टिकवायला सोडा. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, एक सकाळी, एक संध्याकाळी. मी हो हो म्हणालो. पण दाजी, मी पडलो हाडाचा बेकरीवाला. जे जे कोरडं ते आधी एकत्र चाळायचं आणि मग पाणी, हे हातात इतकं मुरलंय की डोक्याला कोणी विचारतच नाही. दोन्ही पावडरी झकास चाळल्या (एक गुठळी राहू दिली नाही, कामात खोट काढायला जागा नाही), तांब्याभर पाण्यात ढवळल्या आणि दिल्या ओतून. पोटात गेल्यावर सगळं एकच, हा माझा हिशोब. तांब्यातच पांढरं फटक झालं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती. मला वाटलं, छान मिळून आलंय!

बघता बघता टाकीचं दूध झालं. मासे दिसेनात. बायको म्हणाली, आता विरजण लावा. कॅल्शियम आणि सोडा असे गळ्यात गळे घालून भेटले की त्यांचा खडू होतो, हे मला तेव्हा कळलं, आणि खडू काही महाराणीच्या उपयोगाचा नाही. पंपावर पुटं चढली, हीटरला सफेदी लागली, आणि महाराणीने सगळी तोंडं मिटून घेतली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा आरडाओरडा ऐकून आबा खोलीतून बाहेर आले, काचेला नाक लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "गाढवा!" बायकोदेखत, दाजी! चाळिशी उलटलेल्या, स्वतःची बेकरी असलेल्या माणसाला!

तिथून टाकीचा ताबा आबांनी घेतला. मला थोडं थोडं खारं पाणी बदलायला लावलं, पंप घासायला लावला. कॅल्शियमची तपासणी ते स्वतः करतात. नमुन्यात थेंब सोडत जायचं, गुलाबीचं निळं झालं की थांबायचं. पण निळं झालं कधी, यावर घरात एकमत होईल तर शपथ. आबा म्हणतात झालं, मी म्हणतो अजून जांभळं आहे, बायको म्हणते अगदी माझ्या त्या साडीसारखं. मग ती साडी कोणती यावरून वेगळी जुंपते. असो. पाणी निवळलं, आणि काल महाराणीने हळूच एक तोंड उघडलं. आज सगळी उघडलीत. मला मात्र सोड्याच्या बरणीला हात लावायची बंदी आहे, आणि तीही माझ्याच घरात.

तेव्हा दाजी, महिनाअखेरीस टाकी न्यायला येताय ते उत्तम. न्या एकदाची. मी बरा, माझी बेकरी बरी.

तुमचा,
उघड उघड गाढव ठरलेला मेहुणा

ता. क. पाकीट बंद करणार, तेवढ्यात आबांनी हाक मारली, "अरे, ये, महाराणी बघ कशी फुललीय." दाजी, आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून हो-नाहीपलीकडे शब्द निघाला नव्हता. पहिला फुटला तो 'गाढवा'. इतकी गोड शिवी मी जन्मात खाल्ली नाही. पंप घासता घासता रडलो (बायकोला सांगितलं, डोळ्यांत सोडा गेला). आता ते जेवतातसुद्धा टाकीसमोर, आणि मासे भांडले की दटावतात. हात जोडतो, टाकी न्यायला येऊ नका. नुसते या.

आणखी ता. क. जावईबापू, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. महाराणी इथेच राहील. अगदी रिकाम्या हाती जाववत नसेल, तर या गाढवाला न्या. पंप घासायला मात्र परत पाठवा.

— आबा