पौषातली वरात

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
पौष, जानेवारी १९९४

तीर्थस्वरूप काकासाहेबमामांच्या चरणी, भाचा भालचंद्र याने घोड्यावरून खाली उतरून, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवून केलेला साष्टांग नमस्कार. (घोड्याचं पुढे कळेल.) मामींचे गुडघे या थंडीत कसे आहेत? तुमचा दमा आटोक्यात असेल आणि तुम्ही चोरून पान खात नसाल अशी आशा आहे. संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवतो. पुडी अर्धी रिकामी वाटेल, त्यालाही घोडाच कारण आहे.

मामा, आधी मुख्य गोष्ट लिहितो. माझं लग्न झालेलं नाही. हे लिहून सांगायची वेळ एखाद्या पोरावर का यावी, असं तुम्हाला वाटेल. पण जुन्या जालन्यात तुमच्या गल्लीपर्यंत एव्हाना उलटीच बातमी पोचली असणार, आणि ती पोचवणारा माणूस खोटं बोलणारा नाही. तो माणूस म्हणजे तुम्ही माझ्यासाठी जे स्थळ काढलंत त्या सुहासिनीचे वडील, जगन्नाथराव. दिवाळीत तुम्ही मला तिचा फोटो दाखवलात तेव्हा मी मान खाली घालून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालो होतो. ते खोटं होतं. मला ती मुलगी त्याच क्षणी पसंत पडली होती, आणि आजही जीव तिच्यातच अडकला आहे. जगन्नाथरावांनी मात्र मला मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँडच्या मागे चाललेलं डोळ्यांनी बघितलं आहे.

आता सगळं सविस्तर. इथले रखमाजीबापू तुम्हाला ठाऊक नसतील. मोठे बागायतदार, मिशा तेवढ्याच मोठ्या, आणि मनात आलं की झालंच पाहिजे असा स्वभाव. जालन्याचा आणि जाफराबादचा रस्ता मिळतो त्या फाट्याला लागून त्यांचं शेत आहे आणि तिथे त्यांना मंगल कार्यालय बांधायचं आहे. त्यावर फाट्यावरच्या दुकानदारांनी हरकत घेतली की कार्यालय झालं तर वराती रस्त्यात नाचतील आणि गाड्या अडतील. कागद फिरत फिरत आमच्या बांधकाम खात्याच्या साहेबांकडे आला. साहेबांनी त्यावर 'नियोजित कार्यालयामुळे फाट्यावरील रहदारीवर होणारा परिणाम तपासून अहवाल द्यावा' असा शेरा मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला, कारण गेल्या वर्षी औरंगाबादला याच विषयाच्या शिबिराला मी गेलो होतो. (गेलो होतो ते जेवण चांगलं असतं म्हणून, पण हे साहेबांना कोण सांगणार.)

त्या शिबिरात एका सरांनी सांगितलेली एकच गोष्ट माझ्या लक्षात राहिली होती: अंदाज बांधू नका, प्रत्यक्ष परिस्थितीत बघा. मला ते फार आवडलं होतं. तेव्हा मी ठरवलं की एक दिवस साधी रहदारी मोजायची, एक दिवस वरात चालू असताना मोजायची, आणि फरक काढायचा. साधी रहदारी मोजून झाली. वरात बघायला निघालो तर पौष. आख्ख्या तालुक्यात एक लग्न नाही. साहेबांना अहवाल महिनाअखेर हवा होता. मी ही अडचण बापूंना बोलून दाखवली आणि तिथेच माझ्या आयुष्याची गाडी रुळावरून घसरली. बापू म्हणाले, एवढंच ना, मग आपण वरात काढू की. (आपल्याकडे परण्या म्हणतात तोच, मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेवाला मांडवात नेतात तो. सरकारी कागदात मी वरात लिहिलं आहे.)

घोडा मिळाला, बँड मिळाला, नवरदेव मिळेना. बापूंचा पुतण्या भुजंग हौसेनं तयार झाला, पण त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, साफ सांगितलं की एकदा आपल्यासाठी बांधलेल्या मुंडावळ्या हा माणूस पुन्हा बांधणार असेल तर आपण त्याच घोड्यावर बसून माहेरी जाऊ. बिनलग्नाची पोरं गावात खंडीभर, पण पौषात नवरीशिवाय बाशिंग बांधलं तर पुढे जन्मभर नवरी मिळत नाही, असं त्यांच्या आयांचं म्हणणं पडलं. हिंडून हिंडून सगळ्यांची नजर माझ्यावर आली. माझी आई तिकडे जांब समर्थला, तिला विचारायला कोण जातो? शिवाय भुजंगनं मुद्दा काढला की घोड्यावरून लांबपर्यंतच्या गाड्या दिसतील, मोजायला बरं. मला तो मुद्दा शास्त्रीय वाटला. मामा, आजवर माझ्या सगळ्या फजित्या मला शास्त्रीय वाटलेल्या मुद्द्यांनीच झाल्या आहेत.

आता बघा, वरात छोटी झाली असती तर बापूंचाच फायदा होता. चार माणसं, एक पिपाणी, गाड्यांना त्रास नाही, परवानगी हातात. हे मी त्यांना तीन-तीनदा समजावलं आणि त्यांनी मान डोलावली. पण ऐनवेळी त्यांच्या मनाला लागलं की आपल्या दारातून निघणारी वरात, खोटी का होईना, लोकांनी हलकी म्हणायची? झालं. सगळ्या भावकीला निरोप गेले. साळूबाईंनी, म्हणजे बापूंच्या मालकिणींनी, मला पाटावर बसवून खरीखुरी हळद लावली, ओवाळलं, आणि ओवाळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्यांना मुलगा नाही. मी वाकून नमस्कार केला.) फेटा बापूंचा स्वतःचा. तो माझ्या डोळ्यांवर येत होता, त्यामुळे लांबच्या गाड्या दिसण्याचा शास्त्रीय मुद्दा दारातच निकालात निघाला.

फाट्यावर पोचलो आणि बँड थांबला. मी वरून खुणा केल्या की पुढे चला. बँडमास्तर घोड्याजवळ येऊन मला म्हणाला की फाट्यावर थांबून वाजवलं न्हाई तर लोकं आपल्याला पुन्हा बोलावणार न्हाईत. त्याचंही बरोबर होतं. मग नाच सुरू झाला. जालन्याकडून कापसाच्या बैलगाड्या आल्या, त्यांच्या मागे काळ्यापिवळ्या जीपा, त्यांच्या मागे एक टेम्पो. मी एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात पेन धरून रेघा मारत होतो. पण अडकलेल्या जीपमधली माणसं उतरून नाचायला लागली, जीपवाला स्वतः उतरून नाचायला लागला, आणि रिकामी जीप वाहन धरायची की अडथळा, हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. ज्या दुकानदारांनी हरकत घेतली होती तेही दुकानं उघडी टाकून नाचत होते. बैलांना मात्र बँड आवडला नाही. त्यांनी गाडी आडवी घातली आणि तिन्ही रस्ते बंद. त्याच वेळी घोड्यानं माझ्या कोटाच्या खिशात तोंड घालून तुमचा तिळगूळ हुंगायला, आणि मग खायला सुरुवात केली.

आणि जालन्याची एसटी येऊन त्या गर्दीत रुतली. तिच्यातून टोपी घातलेले, काठी टेकत चालणारे एक गृहस्थ उतरले, कुणाला तरी 'नवरदेव कोण?' म्हणून विचारलं, माझं नाव ऐकलं, आणि थेट माझ्या घोड्यापाशी आले. पिशवीतून नारळ काढला. मी रिवाजाप्रमाणे दोन्ही हात पुढे केले (रेघांचा कागद तेव्हाच उडाला). नारळ माझ्या ओंजळीत ठेवून ते म्हणाले, "मी जालन्याचा जगन्नाथ. आमच्या सुहासिनीसाठी तुम्हालाच पाहायला आल्तो. पौषात बैठक नको, म्हणून नुसती चौकशी करावी म्हटलं. जरा उशीर झाला. असो, सुखानं संसार करा."

मी घोड्यावरून ओरडून सांगितलं की हे लग्न नाही, रहदारीची तपासणी आहे. पण ढोलापुढे माझा आवाज कुठे पोचतो. ते समोरून येऊन अडकलेल्या, जालन्याला परतणाऱ्या एसटीत जाऊन बसले आणि खिडकीतून त्यांनी मला हात जोडले. तेवढी एकच गाडी बैल हलताच फाट्यावरून सुरळीत निघून गेली.

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. माणसानं माझ्यावर रागवावं, चार लोकांत बोलावं, तेही चालेल. पण ज्यानं मुलीसाठी आणलेला नारळ मुकाट्यानं मला देऊन आशीर्वाद दिला, त्याला काय तोंड दाखवू? मामा, तुम्ही आजच त्यांच्या घरी जा आणि सगळं समजावून सांगा. लागल्यास साहेबांच्या शेऱ्याची नक्कल पाठवतो. जांबला आईला मात्र यातलं काही कळू देऊ नका. मामींना नमस्कार.

आपला, अद्याप अविवाहित भाचा,
भालचंद्र

ता. क. अहवाल शिपायाच्या हाती पाठवला. फाट्यावर वरातीचा ताण रस्त्याला सोसवणार नाही, सबब कार्यालयाचं फाटक शेताच्या मागच्या अंगाला ठेवावं आणि वरात मुख्य रस्त्यावर आणू नये, असं स्पष्ट लिहिलं. बापू घरी आले तेव्हा त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "पण वरात कशी झाली ते लिवलं का?" मी 'अतिशय मोठी' असं लिहिल्याचं सांगितल्यावर ते खूश झाले आणि फाटक मागे करायला कबूल झाले.

ता. क. दुसरा. लाजेपायी घराबाहेर न पडल्यामुळे हे पत्र पेटीत पडायचं राहिलं, ते बरंच झालं. आज सकाळी जगन्नाथराव दारात उभे. ते घरी जाऊन सांगायला लागले तर म्हणे सुहासिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, पौषात कोण लग्न करतं? आणि नवरदेवाच्या हातात पेन कशाला?" मग तीच हसत सुटली आणि तिनं वडिलांना उलट पावली इकडे धाडलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली, चहा घेतला, नारळ कुठे आहे ते विचारलं, तो देव्हाऱ्यात बघून मान हलवली. उठताना म्हणाले, "माघात बैठक करू. वरातीचा खर्चा काही नको आता. वरात झालीच की तुमची, मी बराबर पाह्यली. नुसतं लग्न राह्यलंय." मामा, मी घरात दार लावून एकटाच नाचलो.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र आता याच्यासाठीच टाकतो आहे. जगन्नाथरावांच्या घरी आता काही समजावायची गरज नाही, पण तुम्ही जाच, आणि वरातीचं तेवढं परत काढा. त्यांनी मुळीच नको म्हटलं आहे, आणि वरातीविरुद्ध अहवाल लिहिणारा मी, मला तोंड उघडता येत नाही. छोटी चालेल. (घोडा मात्र हवा, आणि बँड थोडा मोठा.) तुमच्या गल्लीपासून त्यांच्या दारापर्यंत रहदारी कधी कमी असते ते मी एखाद्या रविवारी येऊन बघून जाईन. फक्त या खेपेला गाड्या तुम्ही मोजा. मागच्या वेळी माझं सगळं लक्ष त्यांच्यातच गेलं. या वेळी मला घोड्यावरून दारात उभ्या असलेल्या सुहासिनीकडे बघायचं आहे.