औटकी

वर्धा,
७ डिसेंबर १९८२

प्रिय नलू,

तुझ्याकडे कापसाची वेचणी सुरू असेल. हातात वेळ नसेल. तरी हे पत्र एका बैठकीत वाच, आणि रूपरावांच्या आधी वाच.

परवा तुझ्या शेजारच्या शोभाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात आल्या होत्या. रात्री माझ्याकडेच राहिल्या. जेवताना सहज म्हणाल्या, रूपराव सोमवारी कांताचा शाळेतून दाखला काढणार आहेत. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "पोरीले डोकं नाई म्हनते. मावशीच मास्तरीण, तिनंच सांगतलं."

तेव्हापासून माझा कशातच जीव लागत नाही. वर्गात फळ्यापाशी उभी राहते आणि काय लिहायचं ते आठवत नाही. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली.

दिवाळीत मी तुझ्याकडे आले होते, त्या दिवशी तू स्वयंपाकघरात होतीस. रूपराव पाटावर बसले होते. मी कांताला सतराचा पाढा विचारला. ती सतरा सकपाशी अडली. अडली म्हणजे गप्प राहिली, वर बघत. मी तिला वेळ दिला नाही. हसून म्हणाले, "डोक्यानं आईवरच गेली." रूपरावही हसले. तुझ्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं, ते मी ऐकलं होतं.

केळझरच्या घरी दिवेलागणीला अण्णाजी आपल्याला उभं करायचे. पावकी, निमकी, मग औटकी, साडेतीनचा पाढा. मी न थांबता म्हणायची. तू थांबायचीस. एकदा गोठ्यात मी तुला विचारलं, सतरा औटे किती. तू म्हणालीस, सतरा त्रिक एकावन्न आणि सतराचे निम्मे साडेआठ, म्हणजे साडेएकोणसाठ. मला ते उत्तर पाठ होतं. ते कुठून येतं हे ठाऊक नव्हतं. पण अण्णाजींना उत्तर नको होतं, न थांबणं हवं होतं. मी हुशार ठरले, तू ढ. घरात नंतर कोणी तपासलं नाही. मीही नाही.

मग वासुदेवकाका वर्ध्याहून आले. दोघींपैकी एकीला शिकायला नेणार होते. तू औटकीत अडलीस आणि मागे जाऊन उभी राहिलीस. मी सगळी म्हटली. जाता जाता काकांनी मला आणखी एक विचारलं: बांध एक्क्याण्णव हात लांब, काठी साडेतीन हातांची, तर काठी किती वेळा पडेल? पाढा उलटा फिरवायचा होता. मला सुचेना. तेव्हा माझ्या पाठीवर तुझं बोट फिरलं. दोन. सहा. मी म्हणाले, सव्वीस. काका म्हणाले, हीच.

तू हे कधी कोणाला सांगितलं नाहीस. मला वाटायचं, विसरली असशील. विसरणारी तू नाहीस. मी वर्ध्याला गेले, शिकले, मास्तरीण झाले. आणि सव्वीस वर्षांनी तुझ्या मुलीला तसाच पाढा विचारायला बसले.

कांता हुशार आहे की नाही, मला माहीत नाही. चारचौघांत म्हटलेल्या एका पाढ्यावरून ते कळत नाही, एवढं मात्र मला माहीत होतं. इतर कोणापेक्षा जास्त माहीत होतं. आणि तरी मी बोलले, कारण तू आत होतीस आणि मला वर राहायचं होतं.

रूपराव तुझं ऐकणार नाहीत. माझ्या शब्दावर ते दाखला काढत आहेत, तर तो शब्द मलाच मागे घ्यावा लागेल. शनिवारी दुपारच्या बसनं अल्लीपूरला येते. काकांचा प्रश्न, तुझं बोट, सगळं रूपरावांसमोर सांगणार आहे, कांतालाही बसवून. ते तुला नको असेल, इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडायला नको असेल, तर तसं कळव. पण तरी मी येईन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त सोमवारी पोरीला शाळेतच पाठव.

तुझ्या जागेवर बसलेली तुझीच,
कोकिळा