पाय लागला तेव्हा

आई,

तू गेलीस तेव्हा मी धडधाकट होते, म्हणून हे तुला मुळापासून सांगायला हवं. हायवेवर ट्रकने आमच्या गाडीला मागून धडक दिली, माझ्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गप्प झालं. हलत नाही, कळतही नाही. तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे आणि पायांना 'सामान' म्हणते. सामान उचला, सामान नीट ठेवा. तुझ्या जावयाला ते मुळीच आवडत नाही.

गेले काही महिने मला 'एक्सो'त उभं करतात. कमरेपासून पावलांपर्यंत पट्ट्यांनी बांधायचं मोटारीचं यंत्र आहे ते. कुबड्या घेऊन अंग किंचित पुढे झुकवलं, की ते पाऊल टाकतं. बघणारे टाळ्या वाजवतात. मला मात्र दर वेळी वाटायचं, चालतंय ते यंत्र, मी नुसती त्यात अडकवलेली आहे. आज हे बंद करायचं ठरवूनच निघाले होते. "आत्ता कुठे इन्शुरन्सने अप्रूव्ह केलंय, कॅन्सल नको ना करूस यार," तुझा जावई गाडीत म्हणत राहिला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

थेरपिस्ट इथलीच, गोरी बाई आहे, तू गेलीस त्या वयाची. गुडघे टेकून ती माझ्या पोटरीची पट्टी आवळत होती. आता सांगावंच, म्हणून मी तोंड उघडलं आणि पायाला झटका आला. असे झटके मला न विचारता येतात. बूट तिच्या दंडाला लागला. मला कळलं नाही, नुसतं दिसलं. पण माझा हात तिच्या दंडाला लागून कपाळाकडे गेलासुद्धा.

तुला आठवतं? तू तांदूळ निवडत होतीस, परातीला माझा पाय लागला आणि मी कॉलेजच्या घाईत तशीच पळाले. जिन्यातून परत बोलावलंस मला. "चुकून लागला गं!" "पाय कोणाचा? तुझाच ना? मग नमस्कारही तूच करायचा." केवढी चिडले होते मी. बसही चुकली त्या दिवशी.

हे काय केलंस, असं थेरपिस्टने विचारलं. मी इंग्रजीत म्हटलं, माझा पाय लागला तुम्हाला. माझा! आणि एकदम रडूच आलं. "इट्स ओके, हनी," म्हणत तिने पट्टी आवळली. मी उभी राहिले. चालले. बंद करायचं म्हणायचं राहून गेलं, आणि आता म्हणणारही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. घरी आल्यावर थिजलेल्या खोबरेलाची बाटली गरम पाण्यात धरली आणि पायांना तेल लावलं, तू लावायचीस तसं, टाचांपासून. त्यांना काही कळलं नाही. तरी लावलं.