राबाखालचं बी

आबा,

आज मला एका जागी बसवत नाही. मुरबाडहून सकाळच्या एसटीने कल्याणला आले, स्कॅन झाला, आता रिपोर्टची वाट बघतेय. दवाखान्याचा जिना उगाचच चढले-उतरले, शेवटी हे लिहायला बसले. तुमच्यासारखाच माझ्याही मूत्रपिंडात कॅन्सर निघाला. ते मूत्रपिंड काढलं, पण फुप्फुसात ठिपके आहेत. औषध त्यांच्यावर चालतंय की नाही, ते आज कळेल.

सारखा तुमचा तो उन्हाळा आठवतो. किन्हवलीच्या शेतात तुम्ही राब भाजताय. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण-पाला पेटलाय, खालचं तणाचं बी मरावं म्हणून. लघवीतून रक्त गेलं, तर आईला म्हणालात, "राबाची धग लागली गो. उन्हाळी हाय, दुसरं काय नाय." आई रोज धणे-जिऱ्याचं पाणी देत राहिली आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता; पुढच्या राबाला तुम्ही नव्हतात. मला अजून राग येतो, तुमचा आणि त्या पाण्याचाही.

मागच्या खेपेला इथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "माझ्या वडलांकडूनच आलं का हे?" त्या म्हणाल्या, तसं ठाम सांगता येत नाही. मग एक अजब गोष्ट सांगितली. फार पूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगात शिरलेल्या विषाणूंचे तुकडे प्रत्येक माणसाच्या पेशींत अजून आहेत, पिढ्यान्‌पिढ्या गप्प पडून. या कॅन्सरमध्ये त्यांतले काही जागे होतात.

"म्हणजे मातीतलं तणाचं बीच की! जाळा ते."

बाई हसल्या. "उलट, उगवू दे. त्याच्यावरूनच शरीरातल्या राखणदार पेशींना कॅन्सरची पेशी ओळखू येत असावी. तुमचं औषध त्या राखणदारांना मोकळं सोडतं. सगळ्यांच्यात जमतंच असं नाही, हं."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही जन्मभर तण जाळलंत, आणि मी हाताला सलाइन लावून ते उगवायची वाट बघत बसते. तुम्ही असतात तर मला वेड्यात काढलं असतंत. काढा हो, पण इथे शेजारी बसून काढा.

माझं नाव पुकारलं वाटतं. हा कागद पर्समध्येच राहील, टाकणार कुठे? एकच सांगते. राग गेलेला नाही. तरी आज पहाटे, घरात कुणाला कळू न देता, धणे-जिऱ्याचं पाणी पिऊन निघालेय.