लपवलेले चार दिवस

द्वारका, नवी दिल्ली
३ मे १९९९

ती. सौ. वैजयंतीताईस कादंबरीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. धवल गुडगावच्या ऑफिसात, मी टँकरच्या रांगेत आणि महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई देवपूजेत.

पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हार्मोनची इंजेक्शनं घ्यायची आहेत, स्त्रीबीजं नीट वाढावीत म्हणून. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. फ्रिज स्वयंपाकघरात, शेजारीच सासूबाईंचा देव्हारा, आणि त्या चार दिवसांत मला आत पाऊल टाकायची सोय नाही. त्यांना सांगून टाक, असं तू म्हणशील. पण मागच्या खेपेची इंजेक्शनं वाया गेली तेव्हा धवलचाच चेहरा बघवला नव्हता. सासूबाईही आस लावून बसतील. म्हणून या वेळी बाजूला बसायचंच नाही, पाळी लपवायची असं ठरवलंय. रोज संध्याकाळी भाजीच्या पिशवीत बर्फाचा थर्मास घालून नर्सकडे जाऊन येईन. देवाला चालेल ना गं? फार धाकधूक वाटते.

माया आहेच, या महिन्यात जरा जास्त असू दे.

तुझी,
कादंबरी

कराड
१६ मे १९९९

चि. सौ. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आत्ताच आलं. आत साखरेची पुडी घातली होती, ती फुटून अर्धी अक्षरं चिकटली आहेत. तारीख उलटली तरी तू बाजूला बसली नाहीस, म्हणजे तुला दिवस गेले, असं त्या लिहितात. साताऱ्याला तुझ्या नणंदांनाही कळवलंय. माझे डोळे भरून आले, आणि मग तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. खरंच गोड बातमी असेल तर मला न कळवल्याबद्दल तुझे कान उपटीन. नसेल, तर बाई, त्या कुंची-टोपडी शिवायला घेण्याआधी त्यांना सांग.

जिवाला जप, आणि उत्तर लगेच टाक.

तुझी,
ताई

द्वारका
२१ मे १९९९

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

गोड बातमी नाही गं. पाळी आली आणि मी लपवली. त्याचा असा अर्थ निघेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नजर लागेल म्हणून सासूबाईंनीही मला काही विचारलं नाही. परवा मात्र त्या मला जिना उतरू देईनात, भाजीची पिशवी घेऊन स्वतःच निघाल्या. इंजेक्शनची वेळ टळत चालली होती, आणि एकही चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. शेवटी दारातच त्यांचा हात धरून सगळं सांगितलं. शिवाशिव केल्याचंही कबूल केलं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. देव बाटवल्याचे बोल ऐकायची मी तयारी ठेवली होती. पण आत जाऊन त्यांनी स्वतःच बर्फ काढला, थर्मास भरला आणि चपला घातल्या. वाटेत एवढंच विचारलं, सुई दुखते का. मी रस्त्यातच रडले.

उद्या सोनोग्राफी आहे. बीजं वाढली नसतील तर, या भीतीने जेवण जात नाही. त्यात नणंदांना काय सांगायचं, हा घोर होताच. पण आज सकाळी सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढे बसून सगळ्यांना पत्रं लिहिली की, सूनबाई नेहमीसारखी बाजूला बसली होती, मलाच म्हातारीला भान राहिलं नाही, तिला कुणी बोल लावू नये. तसं एक पत्र तुलाही येईल. ते तुला खरं वाटलं, असं त्यांना उलट टपाली कळव.

उद्यासाठी आशीर्वाद असावा.

तुझी,
कादंबरी