बाबांचं वेड

टास्मानिया,
१३ जानेवारी १९०१

प्रिय जेबेझ,

ताईचे आशीर्वाद. तिकडे सोन्याच्या खाणीवर प्यायला पुरेसं पाणी तरी मिळतं का रे? इथे उन्हाळा बरा आहे. जर्दाळू इतके आले की मुरांबा करून करून हात सोलवटले. तुझ्या भाचीचं, मॉडचं, लग्न ठरलं. मुलगा वकील, घराणं मोठं. बाबा ठीक आहेत.

तीन वर्षांनी लिहितेय. पाहुण्यांच्या पंगतीत तू "माझा बाप कैदी होता, त्यात लाज कसली?" म्हणालास आणि मी तुला दार दाखवलं. ते मी विसरलेले नाही.

एक तारखेला सहा वसाहतींचं मिळून एक राष्ट्र झालं. तिकडेही वाजतगाजत साजरं झालं असेल. इथे आपल्या जुन्या पुलावर पाटी बसवली, देशाचा पाया घालणाऱ्यांना वंदन वगैरे. पाटीवरचा पडदा बाबांनी सरकवावा, असं पाद्रीबुवांनी ठरवलं. पूल बांधणाऱ्यांपैकी आता ते एकटेच उरलेत ना! मी हुरळून बाबांना सांगूनही टाकलं, गाडी न्यायला येईल म्हणून.

पण हे पाद्रीबुवा इंग्लंडहून नवे आलेले, भाबडे. आपल्या गावात म्हाताऱ्या माणसाला 'कोणत्या जहाजानं आलात' असं कुणी विचारत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक? म्हणाले, "वडिलांच्या जहाजाचं नाव द्या, वर्तमानपत्रात छापतो." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नाव छापलं की सगळ्यांना कळणार, ते कैद्यांचं जहाज. एक मेंढी चोरली म्हणून बाबा इंग्लंडहून बेड्या घालून आले, आणि पूल बांधला तोही बेड्या घालूनच. मॉडच्या सासरच्यांनी लग्न मोडलं असतं.

मी म्हटलं, "बाबांचं डोकं ठिकाणावर नाही हो. माणसं ओळखत नाहीत."

हो, म्हटलं मी असं. सख्ख्या बापाबद्दल. बाबा चर्चला जात नाहीत, पाद्रीबुवांनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ते त्यांना खरं वाटलं.

त्या दिवशी बाबा सकाळपासून काळा कोट घालून पायरीवर बसले होते. "गाडी कधी येणार गं?"

"कार्यक्रम पुढे ढकललाय, बाबा."

"अगं, मग बँड कसला वाजतोय?"

मी आत पळाले. थोड्या वेळानं त्यांनी कोट खुंटीला अडकवला आणि बटाटे सोलायला बसले.

दोन दिवसांनी पाद्रीबुवा केक घेऊन आले. बाबांशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश बोलायला लागले. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. सगळं कळलं त्यांना. आणि जेबेझ, ते पाद्रीबुवांना म्हणाले, "ये ताई, बस." मग समोरचं सूप मुद्दाम स्वतःच्या दाढीवर सांडलं, चमचा खिशात घातला. पाद्रीबुवांचे डोळे भरून आले.

ते फाटकाबाहेर गेले तसा बाबांनी चमचा काढून पुसला. "जमलं ना गं? बिचाऱ्याला रडवलं मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून दारात कुणी आलं की बाबा वेडे होतात. माझं खोटं ते सांभाळतात.

सोळा फेब्रुवारीला मॉडच्या सासरचे जेवायला येणार आहेत. काल बाबांनी विचारलं, "लेटी, त्या दिवशी मी किती वेडा होऊ? पुरता की थोडाच?"

मला 'नको बाबा' म्हणायचं होतं. देवाशपथ सांगते. तोंडातून निघालं, "थोडेच, बाबा."

"बरं," म्हणाले.

तू त्याआधी ये. त्यांच्या शेजारी बस, आणि तेव्हा बोललास तेच सगळ्यांदेखत पुन्हा बोल. या खेपेला मी तुला अडवणार नाही. असं लिहितेय खरी, पण माझा भरवसा धरू नकोस. अडवलं, तरी बोल.

कोणत्या तोंडानं 'तुझी ताई' लिहू?

लेटी